हिंदुराव खोतांचा लाल दिवा

"यंत्र खोटं बोलत नाही, मगदूमसाहेब. माणूस बोलतो. म्हणून तर यंत्र करावं लागलं," असं म्हणून डॉ. वासंती इंगवले यांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे बोट दाखवलं.

पडद्यावर दोन डोळे होते. तीस वर्षं घाटातली धूळ आणि समोरच्या गाड्यांचे दिवे झेलून कडेने पिवळट झालेले डोळे. ते हिंदुराव खोत यांचे होते. खुद्द हिंदुराव शेजारच्या खोलीत बाकावर बसले होते, आणि भिंतीपलीकडे आपला निकाल लागतोय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पन्हाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या या मार्गसुरक्षा संशोधन केंद्रात वासंतीताईंचा शब्द शेवटचा असे. पन्नाशीच्या, बुटक्या, चष्मा कायम कपाळावर ढकललेल्या. आपल्या कामावर कुणी शंका घेतली की त्यांच्या नाकपुड्या फुगत. आणि का फुगू नयेत? नजरपारखी त्यांनी उभी केली होती, आणि घाटमाथा परिवहन मंडळाच्या बसगाड्यांत ती बसवल्यापासून दरीत गेलेली एकही गाडी कुणी दाखवून द्यावी!

नजरपारखी म्हणजे चालकासमोर, आरशाखाली बसवलेली चपटी डबी. चालक जागेवर बसला की ती त्याच्या डोळ्यांत बघते. एक ठिपका इकडून तिकडे उडवते, चालकाची नजर त्याच्यामागे कशी झेप घेते ते टिपते. बाहुली किती वेगाने आकसते ते मोजते. आणि एकटक बघताना बुबुळाला जी बारीक थरथर असते, जी आपली आपल्याला कधीच जाणवत नाही, तीसुद्धा पकडते. सगळं ठीक असेल तर हिरवा दिवा लागतो आणि गाडी सुरू होते. नसेल तर लाल, मग इंजिन हूं की चूं करत नाही.

हिंदुरावांना लागोपाठ तीन लाल दिवे मिळाले होते. मंडळाचा नियम कडक होता. तीन लाल झाले की चालकाला केंद्रात आणायचं, आणि 'अंमल आहे' असा शेरा केंद्राने मारला की परवाना जन्माचा रद्द. तो शेरा मारायचा की नाही, हे आज वासंतीताईंनी ठरवायचं होतं.

आगारप्रमुख मगदूम रुमालाने मान पुसत होते. "अहो बाई, पण रक्तात काय सापडलं न्हाई की. लघवीत न्हाई. आणि हिंदुराव म्हणजे आमच्या आगाराचा देवमाणूस. गाडीला तीस वर्षांत ओरखडा न्हाई. आता पोरं त्यांना 'गोळीवाले' म्हणून हाका मारायला लागलीत. माणूस डबा खायला आमच्यात बसत न्हाई हो."

"रक्ताचं तुमच्या डोक्यात दारूमुळे बसलंय," डॉ. अन्वर मुजावर म्हणाले. ते केंद्राचे औषधशास्त्रज्ञ. उंच, किडकिडीत आणि बोलायला लागले की थांबायचं नाव नाही. "दारू त्या मानाने सरळ आहे बघा. रक्तात इतकी असली की माणूस इतका ढिला, असं साधारण गणित बसतं. एक आकडा ठरवला, नळीत फुंकर मारायला लावली, झालं काम. बाकीच्यांचं तसं नाही. गांजाचा अंश अंमल उतरून गेल्यावरही कित्येक दिवस अंगात सापडतो. झोपेच्या काही गोळ्या उलट्या. रात्री घेतलेली सकाळी स्टिअरिंगवर बसताना डोक्यात असते, आणि तपासणीत मात्र सापडत नाही. सर्दीची गोळी, खोकल्याचं औषध, दुखणं मारणारी, फिट येऊ नये म्हणून दिलेली, मनाच्या आजारावरची... शेकडो आहेत. एकाच गोळीने एक जण पेंगतो, दुसऱ्याला ढिम्म काही होत नाही, आणि तिसरा त्या गोळीमुळेच धड गाडी चालवू शकतो. कशाकशाचा आकडा ठरवणार?"

"म्हणून आम्ही पदार्थ शोधायचा नादच सोडला," वासंतीताईंनी त्यांचं बोलणं हातात घेतलं. घेतलं नसतं तर ते दुपारपर्यंत चाललं असतं. "आम्ही माणूस शोधतो. शुद्धीवर असताना हा माणूस कसा बघतो, ते एकदा टिपून ठेवायचं. त्याला आम्ही मूळ ठसा म्हणतो. ज्याचा त्याचा वेगळा. मग रोज सकाळी यंत्र एकच गोष्ट ताडून बघतं, आज हा स्वतःसारखा आहे का? कशाने बदललाय ते त्याला कळत नाही. बदललाय, एवढं मात्र हमखास कळतं. मंदावला असेल तर दिव्याखाली 'मंद' उमटतं, चेतवलेला असेल तर 'ताण'. हिंदुरावांचं तिन्ही वेळा 'मंद' आलंय."

"आणि त्या माणसाला काय इचारायचंच न्हाई?"

"काय विचारायचं? गुंगीची हीच तर गोम आहे. अंमल ज्याच्या डोक्यावर असतो, त्याला आपण ठणठणीत आहोत असंच वाटतं. लेकराबाळांची शपथ घेऊन सांगेल. म्हणून केंद्राचा दंडक आहे, चालकाला विचारायचं नाही, डोळ्यांना विचारायचं."

मगदूमांनी रुमाल खिशात घातला. या बाईंपुढे आपली डाळ शिजायची नाही, हे त्यांना कळून चुकलं.

हिंदुरावांना आत बोलावलं. इस्त्रीचा खाकी सदरा, गळ्यापर्यंत बटणं, हातात टोपी. खुर्चीच्या कडेवर बसले आणि लगेच म्हणाले, "म्याडम, मी खरं सांगतो..."

"तुम्हाला काही सांगायची गरज नाही, हिंदुराव. फक्त ठिपक्याकडे बघा."

बिचाऱ्यांनी तोंड मिटलं आणि ठिपक्याकडे बघितलं. केंद्रातली नजरपारखी गाडीतल्या डबीपेक्षा कितीतरी बारीक मोजणारी. तिनेही तेच सांगितलं. झेप किंचित सावकाश, थरथर कमी. 'मंद'. वासंतीताईंना मनातून वाईट वाटलं. माणूस नेकीचा दिसत होता. पण घाटात बसभर माणसं असतात, आणि वाईट वाटण्यावर त्यांचा जीव टांगता येत नाही.

तेवढ्यात कँटीनमधून चहा आला. मगदूमांनी घेतला, मुजावरांनी घेतला, वासंतीताईंनी तर हात पुढेच करून ठेवला होता. हिंदुराव "नको" म्हणाले.

"घ्या हो. शेऱ्याचं शेऱ्याच्या ठिकाणी, चहाने काय घोडं मारलंय?"

"न्हाई, खरंच नको."

"अर्धा तरी."

"सोडलाय म्याडम," हिंदुराव टोपीशी चाळा करत म्हणाले, आणि परवानगी घेऊन बाहेर जाऊन बसले.

वासंतीताईंनी शेरा लिहायला घेतला. मुजावर बशीत चहा ओतत आपले सहज बोलून गेले, "चहा सोडलेला बसचालक! माझ्या अख्ख्या नोकरीत हा पहिला."

वासंतीताई 'अंमल' एवढाच शब्द लिहून थांबल्या. मग मुजावरांकडे बघितलं, मुजावरांच्या हातातल्या बशीकडे बघितलं आणि स्वतःच्या कपाकडे बघितलं. त्या उठल्या आणि दार उघडून जवळजवळ ओरडल्याच, "हिंदुराव! कधी सोडला?"

"काय म्याडम?"

"चहा हो, चहा!"

"झालं की दीड महिना."

पहिला लाल दिवा लागूनही दीड महिनाच झाला होता. त्या दिवसापासून हिंदुरावांना बदली कामावर ठेवून अधूनमधून तपासत होते, आणि दरवेळी तेच येत होतं.

"अन्वरभाई, मूळ ठसे घेताना आपण चालकांना काय देतो?"

मुजावरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. द्यायचं काय? चहा! आणि तोही वासंतीताईंच्याच हुकमाने. पहिल्या वर्षी ठसे द्यायला आलेले चालक यंत्र बघून बावरत, त्यांची छाती धडधडे, नजर ठरत नसे. तेव्हा वासंतीताईंनी कायदाच केला होता की आलेल्या माणसाला आधी बसवायचं, गरम चहा पाजायचा, दोन शब्द बोलायचे आणि मगच डबीसमोर न्यायचं. दारात आलेल्याला कोरड्या तोंडाने काम सांगायचं, हे त्यांच्या माहेरी कधी घडलं नव्हतं. मंडळातल्या एकूण एक चालकाचा ठसा असा पाहुणचार होऊन घेतलेला होता. गोळ्या, गांजा, अफू, झोप, जागरण, सगळ्यांची चौकशी करूनच माणूस आत घेत होते. चहाची चौकशी कोण करणार? चहा का कुणी औषधात धरतं?

"चेतवणारा पदार्थ आहे तो," मुजावर खुर्चीत बसत म्हणाले. "मी स्वतः शिकवतो की वर्गात. थरथर वाढते, झेप जलद होते. सोडला की आठ-दहा दिवस डोकं दुखतं, माणूस मरगळतो, आणि मग ताळ्यावर येतो. हिंदुरावांना दीड महिना झालाय. म्हणजे मरगळ केव्हाच सरली."

"म्हणजे त्यांच्यावर अंमल नाही."

"त्यांच्यावर कसलाच अंमल नाही, वासंतीताई. मंडळातल्या सगळ्या चालकांत पुरता शुद्धीवर असलेला हा एकच माणूस असेल, आणि आपलं यंत्र त्यालाच उतरवतंय."

वासंतीताईंनी कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. चूक झाली की ती त्यांना सरळ गालावर बसल्यासारखी लागे. पण चूक धरून कुढत बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. उपाय तर समोर दिसत होता. त्यांनी हिंदुरावांना आत घेतलं आणि सगळं समजावून सांगितलं. "एक कप प्या. अर्ध्या तासाने ठिपक्याकडे बघा. हिरवा लागेल, मी कागदावर लिहून देते आणि तुम्ही उद्या गाडीवर."

हिंदुरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "न्हाई जमायचं."

"अहो, तुमचा परवाना जाईल!"

"नवस हाय म्याडम. आमचा निवास. माझा कंडक्टर. एकोणीस वर्सं एका गाडीवर हाय आमी. घाट चढून वर आलो की टपरीवर एक कप घ्यायचा आन् दोघात अर्धा-अर्धा करायचा, ही आमची रीत. त्याला अर्धांग झालं. एक बाजू गेली. त्यो आपल्या पायानं गाडीत चढंस्तवर चहाला शिवणार न्हाई, असं बोललोय देवीला."

"मग हे आधी नाही का सांगायचं?"

"नवस कुणी बोलून दावतं व्हय? आन् चहाचा न् लाल दिव्याचा काय संबंध, ह्ये मला तरी काय म्हाईत?"

आता या माणसाला काय म्हणावं? मगदूम हात जोडून विनवू लागले. वासंतीताईंना मात्र हिंदुरावांबद्दल एकदम फार आदर वाटला.

"राहू द्या मगदूमसाहेब. ते नाही पिणार. मीच सोडते," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवसांची मुदत घ्या मंडळाकडून. माझाही मूळ ठसा आहेच, तोही चहा पिऊनच घेतलेला. चहा गेल्यावर माझे डोळेही हिंदुरावांसारखेच बदलले, तर शेरा आपोआप पुसला जाईल."

ते पंधरा दिवस केंद्रातले लोक अजून विसरलेले नाहीत. चहासाठी कासावीस झालेल्या वासंतीताई म्हणजे साक्षात जमदग्नी. तिसऱ्या दिवशी डोकं असं ठणकलं की त्यांनी कपाळाला ओला रुमाल बांधून बैठक घेतली आणि मुजावरांना बजावलं, कप घेऊन माझ्या खोलीच्या आसपास फिरकायचं नाही. मुजावर जिन्यात उभे राहून चोरून चहा पीत. आठवडा उलटला तशी बाईंची गाडी रुळावर आली. सकाळी डोकं शांत, झोप गाढ. "एवढी वर्षं मी नेमकी कोण होते हो?" असं त्यांनी एकदा मुजावरांना विचारलंसुद्धा.

पंधराव्या दिवशी त्या डबीसमोर बसल्या. लाल. 'मंद'. आणि त्यांच्या जुन्या ठशात आणि आजच्या नजरेत जो फरक पडला होता, तो हिंदुरावांच्या फरकाशी तंतोतंत जुळत होता. बाईंनी टाळीच वाजवली. स्वतःला लाल दिवा मिळाला म्हणून इतकी खूश झालेली व्यक्ती त्या केंद्राने पहिल्यांदा बघितली.

हिंदुरावांवरचा शेरा त्याच दुपारी मागे घेतला गेला. पण वासंतीताईंना आता थांबवणार कोण? नियमातले शब्द त्यांनी मंडळाला वाचून दाखवले, 'कोणत्याही पदार्थाच्या अमलाखाली नसलेल्या चालकाचा ठसा'. मग तो तसाच हवा. चहाचा फरक किती हे आता ठाऊक झालंच होतं. तेवढा सगळ्यांच्या ठशांतून वजा केला की झालं. मुजावरांनी गणित तपासलं, गणित चोख होतं. नव्या ठशांवर वासंतीताई डबीसमोर बसल्या, हिरवा. हिंदुराव बसले, हिरवा. दोन माणसं तपासली, दोन्ही बरोबर. एका आगारात आधी चालवून बघू, असं ठरलं, आणि अर्थातच ते मगदूमांचं आगार होतं.

हिंदुराव पुन्हा गाडीवर चढणार त्या सकाळी वासंतीताई मुद्दाम आगारात गेल्या. ऊन नुकतंच फलाटावर आलं होतं. सामान, पिशव्या, कॉलेजची मुलं, बाजाराला निघालेल्या बायका, नुसती झुंबड उडाली होती. हिंदुराव गाडीला हात लावून, तो कपाळाला लावून जागेवर बसले. ठिपका उडाला. हिरवा! मगदूमांनी टाळ्या वाजवल्या आणि वासंतीताईंनी मान अशी ताठ केली की जणू गाडी त्याच चालवणार आहेत.

मग पलीकडची गाडी. लाल. 'ताण'.

तिच्या शेजारची, तीही लाल. तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्यांवर 'ताण'. चालक खाली उतरून एकमेकांकडे बघू लागले, वाहक शिट्ट्या फुंकू लागले, उतारू खिडक्यांतून ओरडू लागले. "बाई, ह्ये काय केलंसा?" मगदूमांचा आवाज चिरकला. "अख्खं आगार नशेत हाय म्हणतंय की तुमचं यंत्र!"

वासंतीताईंनी फाटकाकडे बघितलं. फाटकाला लागून टपरी होती. टपरीवर बसचालकांचा घोळका होता, आणि प्रत्येकाच्या हातात काचेचा छोटा ग्लास होता.

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. सुधारलेलं यंत्र तपासलं कुणी? चहा सोडलेल्या दोघांनी! त्यांना हसू आवरेना. रडावं असा प्रसंग, आणि बाई फलाटावर उभ्या राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. यंत्राचं काही चुकलं नव्हतं. शुद्धीवरचा माणूस कसा दिसतो ते त्याला आता नेमकं कळलं होतं, आणि सकाळच्या त्या वेळी तसा माणूस अख्ख्या आगारात एकच होता. ज्याला कालपर्यंत पोरं 'गोळीवाले' म्हणत होती, तो आपल्या गाडीत हिरव्या दिव्याखाली ताठ बसला होता, आणि ती पोरं खाली रांगेने उभी राहून त्याच्याकडे बघत होती.

"घाबरू नका मगदूमसाहेब, सोपं आहे," वासंतीताई डोळे पुसत म्हणाल्या. "प्रत्येकाचे दोन ठसे ठेवायचे. चहा घेतलेला एक, न घेतलेला एक. दोन्हींपैकी एकाशी जुळलं की हिरवा. केंद्राला फोन करते, तासाभरात..."

"ती बघा, अजून एक लागली!" मगदूम मध्येच ओरडले. "चला, दोन तरी गाड्या निघतील."

पलीकडच्या टोकाला घाटातून कोकणात उतरणाऱ्या गाडीवर हिरवा दिवा लागला होता. उतारूंनी खच्चून भरलेली गाडी. चालक सर्जेराव माने, चाळिशीचा, गडी तगडा. त्याने इंजिन चालू केलं आणि हात उंच करून बाकीच्यांना वाकुल्या दाखवल्या.

वासंतीताईंनाही बरं वाटलं. चला, अजून एक बिनचहाचा माणूस निघाला. त्या चालत त्याच्या खिडकीपाशी गेल्या. "काय हो, तुम्हीही चहा सोडलाय?"

"चहा? छ्या!" सर्जेराव हसला. "दोन कप मारून आलोय की आत्ताच."

वासंतीताईंचं हसू पुसलं गेलं. दोन कप. मग याचा दिवा लाल हवा. लागला हिरवा. यंत्र बिघडलेलं नव्हतं, बाकीच्यांना त्याने बरोबर पकडलं होतं. म्हणजे चहाने या माणसाला जेवढं पुढे ढकललं, बरोबर तेवढंच दुसऱ्या कशाने तरी मागे ओढलं होतं. त्या ओढाताणीत नजर नेमकी मधोमध येऊन थांबली होती, आणि ती मधली जागा शुद्धीवरच्या माणसाची होती. हिंदुरावांची होती.

गाडीने पहिला धक्का घेतला.

"बंद करा! गाडी बंद करा!" वासंतीताईंनी खिडकीखालच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी धडाधड थापा मारल्या. सर्जेराव दचकला, त्याने गाडी थांबवली.

आणि मग वासंतीताईंनी ती गोष्ट केली जी त्यांच्या केंद्रात करायची बंदी होती. त्यांनी माणसाला विचारलं. हळू आवाजात, खिडकीशी जाऊन. "सर्जेराव, रागावत नाही मी. शेरा मारणार नाही. चहाशिवाय आणखी काय घेतलंय?"

"काय न्हाई म्याडम. देवाशप्पथ."

"आठवून बघा. रात्री?"

"रात्री? रात्री अंगावर पित्त उठलं हुतं. गांधीच गांधी. खाजंची गोळी घेतली एक, दुकानातली. ती काय नशेची न्हाई, सादी खाजंची हाय. बायकोबी घेती."

"त्याने झोप येत नाही?"

"येती की. सकाळी डोळं उघडत न्हवतं. म्हणून तर दोन कप मारलं. आता एकदम तरतरीत हाय बघा."

हा माणूस खोटं बोलत नव्हता. याला खरोखरच तरतरीत वाटत होतं. चहा झोप उडवतो, गोळी उतरवत नाही. डोळे टक्क उघडे आणि लक्ष मात्र अर्धं झोपलेलं, असा माणूस बसभर जीव घेऊन घाटाच्या वळणांवर निघाला होता, आणि जा बाबा म्हणून त्याला दिवा दाखवला होता त्यांच्या नजरपारखीने. दोन ठसे ठेवून काय होणार होतं? गोळी आणि चहा घेतलेला सर्जेराव आणि काहीच न घेतलेले हिंदुराव, यंत्राच्या लेखी दोघे एकच होते. कितीही बारीक मोजणारी डबी केली तरी तिने दोघांना हिरवाच दिवा दाखवला असता. त्यांच्यातला फरक डोळ्यांत नव्हताच. तो फक्त त्या दोघांना ठाऊक होता.

सर्जेराव त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "लई वाईट असती का ओ ती गोळी?"

"गोळी चांगली आहे. घरी असताना घ्यायची, आणि मग गाडीला हात लावायचा नाही."

"सांगायचं तरी कुणीतरी," सर्जेराव म्हणाला. खाली उतरला, आणि किल्ली मगदूमांच्या हातात ठेवून म्हणाला, "साहेब, आज मला सुट्टी टाका."

मगदूमांनी किल्लीकडे बघितलं, एका हिरव्या दिव्याकडे बघितलं, मग दुसऱ्या हिरव्या दिव्याकडे. "आता मी ओळखायचं कसं, बाई? यंत्र काढून टाकायचं म्हणता?"

"मुळीच नाही! यंत्र राहणार," वासंतीताई म्हणाल्या. नाकपुड्या पुन्हा फुगल्या होत्या, पण आता त्यात राग नव्हता. "पण यंत्राला एकट्याने कळायचं नाही. आधी चालक सांगेल, मी अमुक घेतलंय, तमुक घेतलंय. मग यंत्र बघेल, तो म्हणतो तसा दिसतोय का. सांगणाऱ्याला शिक्षा नाही, फार तर एक दिवस सुट्टी. शिक्षा लावलीत तर कुणी सांगणार नाही, आणि कुणी सांगितलं नाही तर माझी डबी आंधळी. हा नियम मी आज लिहून देते. मंडळाने कां-कूं केली, तर त्यांच्या कार्यालयात जाऊन बसते."

मगदूमांना खात्री होती की त्या खरंच जाऊन बसतील.

त्या हिंदुरावांच्या गाडीकडे वळल्या. फलाटावरचे निम्मे उतारू आता त्याच गाडीत कोंबले जात होते, आणि हिंदुराव मागे वळून "आत सरका, आत सरका" करत होते. वासंतीताई खिडकीखाली येऊन उभ्या राहिल्या. दिवा हिरवा होता. त्यांनी त्याच्याकडे न बघता वर मान केली.

"हिंदुराव, आज काही घेतलंय का?"

हिंदुरावांनी खाली बघितलं. या बाईंनी आपल्याला हा प्रश्न विचारलाय, हे त्यांच्या ध्यानात यायला एक क्षण लागला.

"न्हाई म्याडम," ते म्हणाले. "आज न्हाई. त्या दिवशीबी न्हवतं घेतलं."

"माहीत आहे. त्या दिवशी तुम्ही सांगत होता, आणि मीच सांगू दिलं नाही. चुकलं माझं."

हिंदुरावांनी टोपी सारखी केली, आणि हॉर्न वाजवला. गाडी फाटकातून बाहेर पडली, घाटाच्या दिशेने वळली.

वासंतीताईंनी मगदूमांच्या कचेरीतून एक खुर्ची मागवली, ती फलाटाच्या मधोमध ठेवली आणि चष्मा कपाळावर ढकलून टपरीकडे हाक मारली, "या, एकेक जण या! आणि हातातला ग्लास संपवून या, लपवू नका. हं, तुम्ही पहिले. बसा. काल संध्याकाळपासून काय काय पोटात गेलंय, ते सांगा बघू."